डावा रकाना, उजवा रकाना



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, पण गेले चार महिने मी सातबारा वाचते आहे. हसू नका. ज्ञानेश्वरी वाचायला जितकं बसावं लागतं तितकं नाही, पण सातबाऱ्यालाही बसावं लागतं. मराठी घेऊन बी.ए. झाले, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण "पो.ख." म्हणजे पोटखराबा आणि "फे.फा." म्हणजे फेरफार हे मला नीट कळलं ते सत्तरी ओलांडल्यावर.

आधी थोडी ओळख करून देते, कारण आपल्या वाचकांत आता परदेशातली भाचरंही आहेत आणि त्यांना "सातबारा" हा एकच शब्द वाटतो. तलाठ्याच्या दप्तरात (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात अजून तलाठीच येतं) गाव नमुने असतात, १ पासून २१ पर्यंत. त्यातला नमुना ७ म्हणजे जमीन कोणाची, किती, तिच्यावर बोजा कोणाचा. नमुना १२ म्हणजे तिच्यात पीक काय. दोन्ही एकाच कागदावर आले म्हणून सात-बारा. नमुना ६ ही फेरफारांची वही, म्हणजे नाव का बदललं, केव्हा बदललं याची. आणि ८-अ म्हणजे तीच माहिती उलटी केलेली. सातबाऱ्यात जमीन धरून माणसं शोधायची, ८-अ मध्ये माणूस धरून त्याच्या जमिनी शोधायच्या.

आपला नगर जिल्हा (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर) या बाबतीत जुना आहे. मलिक अंबराने निजामशाहीत जमिनीची प्रत ठरवून सारा बसवला, हे मी इतिहासाच्या तासाला किती वर्षं शिकवलं असेल! पण त्या साऱ्याच्या कागदावर नाव कोणाचं लिहायचे, हा प्रश्न ना पुस्तकात होता, ना कधी वर्गात कोणी विचारला.

तर आमची जमीन. पारनेर तालुक्यात, तीन गटांत मिळून ४ हेक्टर ८० आर. जुन्या हिशेबाने बारा एकरांना थोडी कमी. एक गट मळ्याचा, एक ओढ्याकाठचा, एक नुसता माळ. बाजरी, ज्वारी, पाऊस झाला तर कांदा. वडिलोपार्जित.

वडील १९८१ साली गेले. मागे आई, दोन भाऊ, आम्ही तिघी बहिणी. तिघींची लग्नं झालेली. वारसाची नोंद झाली आणि सातबाऱ्यावर डावीकडच्या भोगवटादारांच्या रकान्यात दोघा भावांची नावं आली. आईचं आणि आम्हा तिघींची नावं उजवीकडे, "इतर हक्क" या रकान्यात. त्याच रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो, विहिरीतला हिस्सा असतो, कोणाची पायवाट असते. तिथेच आम्ही.

हे आमच्याच घरात झालं असं समजू नका. त्या काळातला कोणताही हस्तलिखित उतारा काढा, पोरी आणि विधवा बहुधा उजवीकडेच सापडतील. कायद्यात तसं लिहिलेलं नव्हतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे. पण लिहिणाऱ्या हाताला सवय होती आणि वाचणाऱ्या डोळ्यांनाही. आईचं नाव १९९८ साली ती गेल्यावर कंसात गेलं. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस करत. "त्याच्या नावाला कंस झाला" असं गावात अजूनही म्हणतात. म्हणजे माणूस तरी गेला, नाही तर जमीन तरी गेली!

आता गोष्ट २०२५ ची. थोरले दादा २०२४ साली गेले. पुढच्या वर्षी १ एप्रिलपासून सरकारने राज्यभर "जिवंत सातबारा" मोहीम काढली. उताऱ्यावर जी माणसं आता हयात नाहीत त्यांच्या जागी वारसांची नावं लावायची. चांगली मोहीम आहे, माझी काही तक्रार नाही. त्यात दादांचे वारस लागले : वहिनी, दोघे पुतणे आणि पुतणी. चौघंही डावीकडे. धाकट्या पुतण्याने उताऱ्याचा फोटो मोबाईलवर पाठवला. मी मोठा करून पाहिला. माझी पुतणी, जिला मी मांडीवर घेऊन बाराखडी शिकवली, ती डावीकडे भोगवटादार. आणि तिच्या तिघी आत्या उजवीकडे, बोज्याच्या खाली.

मला वाईट वाटलं का? पोरगी डावीकडे आली याचं बरंच वाटलं. पण म्हटलं, मग आम्हीही यायला हव्यात की तिकडे.

इथून पुढची गोष्ट माझ्या नातीची आहे. ती पुण्याला आकडेवारीचं काम करते. नक्की काय करते ते तिने मला तीनदा सांगितलं आहे.

झालं असं, की पुतण्याने (तो सुप्याच्या एमआयडीसीत आहे, त्याला एक्सेल चांगलं येतं) तिन्ही गटांचा तक्ता केला. प्रत्येक गटाला एक ओळ. रकाने असे : वारस १, वारस २, वारस ३, असं वारस ८ पर्यंत. मग हिस्सा १, हिस्सा २ ते हिस्सा ८. मग फेरफार १ ते फेरफार ८. चोवीस रकाने! माळाच्या गटात चुलत्यांचीही नावं आहेत, म्हणून आणखी वाढवावे लागले. मळ्याच्या गटात मग शेवटचे रकाने रिकामे. कागदावर छापलं तर तीन पानं चिकटवावी लागली आणि तरी "हिस्सा ६" कोणाचा हे बघायला बोट धरून मागे "वारस ६" पर्यंत जावं लागे.

नात म्हणाली, "आजी, हे सगळे रकाने एकातच घालू." म्हटलं, म्हणजे काय गं, बोचकं बांधायचं का? म्हणाली, हो, पण नीट बांधायचं. एका गटाला एकच रकाना, "वारस". त्या एका चौकटीत यादी. यादीतल्या प्रत्येक माणसाची परत छोटी यादी : नाव, नातं, हिस्सा, फेरफार क्रमांक. मग कुठे दोन माणसं असोत की बारा, रकाना एकच.

मी म्हटलं, हे तर तलाठी शंभर वर्षं करताहेत. एका चौकटीत एकाखाली एक नावं, बाजूला गोलात फेरफार. ती म्हणाली, "तेच तर! पण त्यांनी नावं बांधली, हिस्सा बांधलाच नाही."

खरं होतं तिचं. उतारा पुन्हा पाहिला. सामाईक खात्यात नावं एकाखाली एक असतात आणि क्षेत्र मात्र सगळ्यांचं मिळून एकदाच, "सामाईक क्षेत्र" म्हणून. कोणाचं किती, ते नाही. महसूल खात्याला ते ठरवण्याचा अधिकारही नाही म्हणा. हिस्सा वारसा कायद्याने ठरतो. तंटा झाला तर दिवाणी कोर्ट, सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदार वाटप करून देतात. सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरा मानायचा, एवढंच. हे वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं आणि फी नंतर घेतली.

नातीने बोचकं बांधायच्या दोन रीती दाखवल्या. पहिली सोपी. नावांची एक यादी, हिश्शांची दुसरी, फेरफारांची तिसरी, तिन्ही शेजारी शेजारी. दिसायला सुटसुटीत. पण मधलं एक नाव गळलं की खालचे सगळे हिस्से एक घर वर सरकतात आणि वहिनींचा हिस्सा धाकट्या भावाला लागतो. मला आमच्या शाळेचं निकालपत्रक आठवलं. पट्टी एक ओळ खाली सरकली की गणपतचे गुण गजाननला! दुसरी रीत म्हणजे माणूस धरून बांधायचं. त्याचं नाव, त्याचं नातं, त्याचा हिस्सा, त्याचा फेरफार, सगळं त्याच्याच गाठोड्यात. मग गाठोडी वर-खाली झाली तरी आतलं हलत नाही. मी म्हटलं, हीच कर.

आता खरी मेख. दादांच्या चौघांना कुठे बसवायचं?

सरळ मोजलं तर हयात नावं आठ. वहिनी, दोघे पुतणे, पुतणी, धाकटा भाऊ, आणि आम्ही तिघी. उताऱ्यावर ही आठ नावं एकाखाली एक आली की बघणारा म्हणणार, ४८० आर भागिले आठ, साठ साठ आर. गावात असंच म्हणतात. पण मग दादांच्या घराला चौघांचे मिळून २४० आर, निम्मी जमीन, आणि धाकट्या भावाला साठ. हे कसं चालेल? ती चौघं मिळून एक दादा आहेत. म्हणून बाहेरच्या यादीत पाचच : दादा, भाऊ, ताई, मी, धाकटी. आणि दादांच्या जागेवर एक आतली यादी, तिच्यात चार नावं. नात त्याला कंसातला कंस म्हणते. पाचवी-सहावीला आम्ही "कंचेभागुबेव" घोकून घ्यायचो, आधी कंस सोडवायचा. इथेही तेच. गंमत एवढीच, की सातबाऱ्यावर कंस म्हणजे नाव गेलं आणि तिच्या तक्त्यात कंस म्हणजे नाव आत आलं.

२०२० साली सातबाऱ्याचा नवा नमुना आला, तो मी मुद्दाम जुन्याशी ताडून पाहिला. बऱ्याच गोष्टी सुधारल्यात. कमी झालेल्या नावाला कंस न करता आडवी रेघ मारतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. नावासमोर खाते क्रमांक येतो. दोन खातेदारांच्या मध्ये तुटक रेघ असते. आणि पूर्वी जागोजाग गोलात लिहिलेले जुने फेरफार क्रमांक आता एकाच रकान्यात शेवटी गोळा करून ठेवलेत. हे शेवटचं मला फारसं आवडलं नाही. पान स्वच्छ झालं, कबूल. पण कोणता फेरफार कोणाच्या नावाचा हे आता वही ६ काढल्याशिवाय कळत नाही. आमच्या १९८१ च्या फेरफाराचा क्रमांक त्या ओळीत आहे, पंधरा-वीस क्रमांकांच्या मध्ये, स्वल्पविरामांच्या आड. ज्या नोंदीने आम्ही उजवीकडे गेलो ती तीच, हे त्या ओळीवरून कोणाला कळायचं?

माझ्या आजोबांच्या वेळचा उतारा तर याहून वरताण. चार भावांची जमीन आणि नाव एकाचंच, पुढे "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, सगळं बोचकं त्या तीन अक्षरांत. सोडताना पुढच्या पिढीच्या नाकी नऊ आले. माळाच्या गटात चुलत्यांची नावं आहेत ती त्यातूनच. त्यावर वेगळा लेख होईल, असो.

हिश्शाच्या घरात नातीने आकडा विचारला तेव्हा वकीलबाईंनी दोन हिशेब मांडले. मला ते इतके आवडले की इथे लिहितेच. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा.

जुना हिशेब असा. सुप्रीम कोर्टात १९७८ साली गुरुपाद मगदूम यांच्या घरचा खटला निकालात निघाला, मुंबई हायकोर्टातून वर गेलेला. वडील गेलेले, मागे विधवा, दोन मुलगे, तीन मुली. अगदी आमचंच घर! त्या रीतीने आधी वडील, आई आणि दोघे मुलगे यांच्यात मनातल्या मनात वाटणी करायची, प्रत्येकी पाव. मग वडिलांचा पाव हिस्सा सहा वारसांत, म्हणजे प्रत्येक मुलीला चोविसावा भाग. सोळा आण्यांत आठ पै. पुढे आई गेली, तिच्या हिश्शाचे पाच भाग झाले. तेव्हा प्रत्येक बहिणीचा हिस्सा भरला दहावा. ४८ आर. भावांचा प्रत्येकी १६८. नवा हिशेब २००५ च्या दुरुस्तीचा. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना सहदायाद केलं होतं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून, म्हणजे आम्हा तिघींना वगळून. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली, तिच्यात ती अट नाही. आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मुलीचा हक्क जन्मापासूनचा, त्या तारखेला वडील हयात असायची गरज नाही. आमच्याकडे वाटप कधी झालंच नाही, म्हणून वकीलबाईंच्या मते आमचा हिस्सा पाचवा, ९६ आर. आठ पैपासून पाचव्या हिश्शापर्यंत. आणि या सगळ्या चव्वेचाळीस वर्षांत आमची नावं कागदावर बोटभरही हलली नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, या वयात बाईंना जमीन कशाला? हे मला प्रत्यक्ष विचारलंही गेलंय, त्यामुळे संकोच करू नका. मला पेन्शन आहे, सावेडीला घर आहे. जमीन कसायला मी काही जाणार नाही. पण "तिघी बहिणी" हे एक नाव नाही, हे तक्ता करताना मला नीट दिसलं. धाकटी शेवगावला असते, तिचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, तिला खरोखर हिस्सा हवा आहे आणि तो मागायची तिला लाज वाटते. माहेर तुटेल म्हणून. ताई श्रीगोंद्याला, ऐंशीच्या पुढे, तिला काही नको. मी मधली. माझं अजून ठरलेलं नाही. नातीने प्रत्येकीच्या गाठोड्यात "निर्णय" असं एक घर जास्त ठेवलं. ताईचं भरलं, "हक्कसोड". धाकटीचं भरलं, "हिस्सा". माझं रिकामं आहे. ती म्हणाली, "रिकामं चालतं आजी, फक्त ते तुझं आहे एवढं कळलं की झालं."

पुतणे वाईट नाहीत, हे इथे स्पष्ट लिहिते, कारण ते हे वाचणार आहेत! थोरल्याने सुरुवातीला सुचवलं होतं की तिघींनी मिळून एकच हक्कसोडपत्र नोंदवून टाकावं, म्हणजे उजवा रकाना स्वच्छ होईल. त्यावर ताई फोनवर जे बोलली ते तिच्याच शब्दांत : "सोडते रे बाबा. पण आधी नाव तिकडं लागू दे. जे हातात दिलंच नाही ते सोडू कसं?" थोरला गप्प झाला. मग म्हणाला, "बरं आत्या."

वकीलबाईंच्या मते नोंद उजवीकडे असली तरी ताई हक्कसोड देऊ शकते, कायद्याने अडत नाही. पण ताईपुढे कायदा सांगायला कोण जाणार? आमच्या वडिलांनासुद्धा ते जमत नसे.

शेवटी अर्ज झाला. तिघींचा, तिघींच्या सह्यांचा, सोबत १९८१ च्या फेरफाराची नक्कल. आमची नावं "इतर हक्क" मधून काढून भोगवटादारांत घ्यावीत म्हणून. धाकट्या भावाने आणि पुतण्यांनी संमतीचे जबाब दिले. वहिनींनी अंगठ्याऐवजी सही केली. १९८५ साली प्रौढ शिक्षणाच्या वर्गात मीच त्यांना ती शिकवली होती, तेव्हा थोडी मिरवून घेते. अर्ज मंजूर होऊन वही ६ मध्ये नोंद धरली गेली, सगळ्यांना नोटिसा निघाल्या. हरकतीला १५ दिवस असतात. कोणी हरकत घेतली तर प्रकरण ६-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जातं, नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

हिश्श्याचे आकडे त्या नोंदीत येणार नाहीत, क्षेत्र सामाईकच राहील. ते धाकटीसाठी पुढे कलम ८५ खाली करायचं, असं भाऊ स्वतःहून म्हणाला. ओढ्याकाठचा गट तिला द्यावा, तिथे विहीर आहे, असंही म्हणाला. बघू. तोपर्यंत नातीचा तक्ता छापून मी चार प्रती काढल्या, चार घरी चार. आता एका पानात बसतो. ताईने तिची प्रत देवघरात ठेवली आहे म्हणे, चश्मा सापडला की वाचणार आहे.

हरकतीची मुदत येत्या मंगळवारी संपते. नोंद प्रमाणित झाली की पुतणी डिजिटल सहीचा उतारा काढून देणार आहे. ऑनलाइन पंधरा रुपये पडतात. तिला म्हटलं आहे, तीन काढ, पैसे मी देते.